जोड लावणें : गांवच्या मैदानांतील एक धडा

चैत्र-वैशाखांत कृष्णाकांठच्या आणि माणदेशाच्या गांवोगांवीं ग्रामदैवतांच्या जत्रा भरतात, आणि पुष्कळ ठिकाणीं जत्रेचा शेवट कुस्त्यांच्या मैदानानें होतो. हलगी वाजूं लागली म्हणजे प्रथम पुढें येतात तीं लहान लहान पोरें. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. मग नारळावर, मग थोड्या रुपयांवर, आणि दिवस कलला म्हणजे मोठ्या इनामाच्या. पाहणाऱ्यांची दृष्टि सामान्यतः पैलवानांच्या दंडाकडे असते. विद्यार्थ्यांनीं मात्र त्या मैदानांत आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. ती म्हणजे जोड लावणारे पंच.

हे पंच बहुधा उतारवयाचे व तरुणपणीं स्वतः लढलेले असतात. दोन पोरांचे हात धरून ते त्यांस शेजारीं शेजारीं उभे करितात, खांद्याशीं खांदा लावून उंची पाहतात, कोणत्या तालमींत किती दिवस जातोस म्हणून विचारतात, आणि पटलें म्हणजे दोघांचे हात वर करून जोड जाहीर करितात. तराजू नाहीं, फूटपट्टी नाहीं. डोळा हेंच माप. जोड चुकली तर लोक तत्काळ ओरडतात, कारण जिचा निकाल लागण्यापूर्वींच ठरला ती कुस्ती पाहण्यांत गोडी कसली? खेळांतील न्याय निकालाच्या वेळीं सुरू होत नसून जोड लावतेवेळींच सुरू होतो, हें अडाणी म्हणविणाऱ्या प्रेक्षकांसही पक्कें ठाऊक असतें. आम्ही शाळेंत मात्र कित्येकदां उंच व ठेंगण्या, धट्ट्या व किरकोळ मुलांस एकाच रेषेवर उभे करून शिटी फुंकतों आणि त्यालाच समान संधि म्हणतों!

डोळ्याच्या मापाला एक मर्यादा आहे. तें माप गांवाबाहेर गेलें कीं निरुपयोगी होतें. कराडचा मल्ल व जपानचा मल्ल यांची जोड कोणीं पाहावी? म्हणून जगाच्या आखाड्यांत वजनाचे गट आले. कराडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा दादासाहेब जाधव हे याचें आपल्याकडील उत्तम उदाहरण होय. त्यांचा जन्म १९२६ सालचा. वडील पैलवान, गांव कुस्तीचें, आणि अंग वाढलें तें लाल मातींत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें ते फ्लायवेट म्हणजे ५२ किलोंच्या गटांत उतरले व सहावे आले. तेथें माती नव्हती, गादी होती. आणि गादीवरच्या कुस्तीची रीत निराळी. चार वर्षांनीं हेलसिंकीस जाण्याकरितां गांवच्या लोकांनीं वर्गणी जमविली, आणि १९५२ सालीं ५७ किलोंच्या गटांत खाशाबांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मोठ्या इनामाच्या कुस्तीस भारी अंगाचाच मल्ल लागतो अशी आपल्या मैदानाची जुनी समजूत. ५७ किलोंच्या माणसास जगापुढें उभें राहतां आलें, तें वजनाच्या तराजूनें त्यास योग्य जोड मिळवून दिली म्हणून.

अलीकडेही हेंच दिसून येतें. सांगलीचा संकेत सरगर, ज्याचे वडील पानाचें दुकान चालवीत, त्यानें २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत ५५ किलोंच्या गटांत २४८ किलो वजन उचललें व रौप्यपदक मिळविलें. सुवर्ण मिळविणाऱ्यानें उचललें २४९! एका किलोचा हा फरक, जोड किती नेमकी लागली होती त्याचेंच गमक नव्हे काय? आटपाडी तालुक्यांतील करगणीच्या सचिन खिलारीनें २०२४ सालीं पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्यें गोळा १६.३२ मीटर फेंकून रौप्यपदक मिळविलें, तें हाताचें अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या गटांत. धडधाकट खेळाडूंच्या रांगेंत त्यास उभें करून शाबासकी देणें ही दया झाली असती. त्याची जोड लावणें हा न्याय झाला.

कधीं कधीं जोड लावणें तर दूरच, मैदानांत पाऊलच टाकूं दिलें जात नाहीं. मुलींची गोष्ट अशीच होती. माण तालुक्यांतील मोहीची ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथें तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतींत अंतिम फेरीपर्यंत पोंचली व दहावी आली. या शर्यतींत २८ वेळां अडथळा व ७ वेळां पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. प्राथमिक फेरींत तिनें ९ मिनिटें १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. परंतु स्त्रियांची ही शर्यत ऑलिंपिकमध्यें आली तीच मुळीं २००८ सालीं. ललिता वीस वर्षें अगोदर जन्मती, तर पाय तेच असूनही शर्यत नसती.

जोड हा शब्द आपण बैलांसही लावतों. बैलगाड्यांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंदी घातली, २०२१ सालीं तीस तात्पुरती मोकळीक दिली, आणि २०२३ सालीं राज्याचा कायदा मान्य केला. शेतकऱ्याचा बैलावरील जीव मी जाणतों. तरीपण ज्यास हरण्याचा अर्थ कळत नाहीं त्याच्या पाठीवर चाबूक ओढून जिंकण्यांत पुरुषार्थ कोणता, हा प्रश्न न्यायालयाच्या निकालानें संपला असें मला वाटत नाहीं.

डोळा व तराजू यांखेरीज जोड लावण्याची तिसरीही एक रीत आहे, आणि ती शाळेस फार सोयीची. आपल्याकडे बाभळीचा ओंडका फोडणें हें काम आहे. त्याचा खेळ झाला नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया बेट आहे, तेथें मात्र रान तोडून शेती करणाऱ्या लोकांच्या पैजांतून कुऱ्हाडीच्या शर्यती निघाल्या, आणि १८९१ सालीं लॅट्रोब गांवीं त्यांचा मोठा सामना झाला. एका प्रकारांत लाकूडतोड्या आडव्या ओंडक्यावर स्वतः उभा राहून आपल्याच दोन पायांमधील लाकूड तोडतो. यांतील पुष्कळ शर्यतींत सर्वजण एकदम सुरुवात करीत नाहींत. पंच मोठ्यानें आंकडे मोजतो. नवशिका तिसऱ्या आंकड्यास कुऱ्हाड उचलतो, आणि नांवाजलेला गडी आपला आंकडा येईपर्यंत हात बांधून उभा राहतो.

हेंच आपल्या मैदानावर करून पाहावें. समजा, शंभर मीटर धांवण्यास एका मुलास १४, दुसऱ्यास १६ व तिसऱ्यास २० सेकंद लागतात. तिसरा प्रथम सुटावा, चार सेकंदांनीं दुसरा, व सहा सेकंदांनीं पहिला. हिशेब बरोबर असेल तर तिघेही एकदमच फीत गांठतील, आणि त्या दिवशीं जो आपल्या नेहमींच्या वेळेहून सरस धांवेल तो जिंकेल. लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत व तीन पायांची शर्यत यांस आपण गमतीचे खेळ म्हणून शेवटीं ढकलतों. पण त्यांतही हीच युक्ति आहे. तेथें बळ व वेग यांचा फायदा काढून घेतलेला असतो. धांवण्यांत नेहमीं मागें राहणारी मुलगी लिंबू न पाडतां पहिली येते, तेव्हां पालकांच्या रांगेंत तिची आई कशी उठून उभी राहते, तें पाहण्यासारखें असतें.

या रीतींत एक अडचण आहे, ती सांगितलीच पाहिजे. मागील आठवड्यांत वेळ मोजतांना एखादा हुशार मुलगा मुद्दाम रेंगाळतो व क्रीडादिनीं वाऱ्यासारखा सुटतो. घड्याळ त्यास पकडूं शकत नाहीं. त्याकरितां गांवांतील एखाद्या जुन्या पंचासच बोलावून सुरुवातीच्या रेषेपाशीं खुर्ची द्यावी. मुलाच्या पोटरीकडे एकदां पाहून ते म्हणतील, "ह्याचे आणखी दोन सेकंद वाढवा."