ठोके मोजायचं घड्याळ घ्यायचंय? आधी बोटांनी नाडी मोजायला शिका

सख्यांनो, बीपी, शुगर किंवा वाढलेलं वजन यासाठी आपल्यातल्या बऱ्याच जणी आता सकाळी चालायला जातात. कुणाच्या मनगटावर ठोके दाखवणारं घड्याळही दिसतं. मग गटात प्रश्न येतो, "ताई, मी पण घेऊ का? कुठलं चांगलं?" बचतीतले पैसे घालण्याआधी हा धडा वाचा.

ठोके कशाला मोजायचे?
चालणं अंगाला लागतंय का, की जास्तच होतंय, हे नाडी सांगते. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. व्यायामात ते किती वाढावेत याचा सोपा हिशोब असा: २२० मधून आपलं वय वजा करा. येईल त्या आकड्याच्या निम्म्यापासून ७० टक्क्यांपर्यंत ठोके गेले, की मध्यम व्यायाम झाला. म्हणजे ४० वर्षांच्या बाईला ९० ते १२६ आणि ५० वर्षांच्या बाईला ८५ ते ११९. हा अंदाज आहे, प्रत्येकीचं थोडं कमीजास्त असतं.

फुकटचं यंत्र: आपली बोटं
अंगठ्याच्या खाली, मनगटावर दोन बोटं हलकेच टेकवा. अंगठ्याने मोजू नका, त्याचीच नाडी लागते. पाच मिनिटं शांत बसून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. चालताना मोजायचं तर थांबल्याबरोबर १५ सेकंद मोजून चारने गुणा. तेही नको असेल तर आणखी सोपी खूण आहे: चालताना बोलता येतंय पण ओवी म्हणता येत नाही, तर वेग बरोबर आहे. बोलतानाच धाप लागली, तर वेग कमी करा.

कोणतं यंत्र कशासाठी?
१) बोटाला लावायचं ऑक्सिमीटर: कोरोनात आपण सगळ्यांनी पाहिलं. बसून मोजायला ठीक. हात हलला, बोट गार असलं, नखाला गडद रंग असला, तर आकडा चुकतो. चालताना उपयोगाचं नाही.
२) मनगटी घड्याळ: याच्या खालचा हिरवा दिवा कातडीत उजेड टाकतो आणि रक्ताच्या लाटेवरून ठोके मोजतो. चालण्यासाठी एवढं पुरे. पण पट्टा सैल असला, बांगड्या मध्ये आल्या किंवा खाली गोंदण असलं, तर गडबड होते. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, नीट बसेल असं बांधा.
३) छातीचा पट्टा: हृदयाचे विजेचे बारीक संकेत टिपतो, म्हणून पळतानाही आकडा बरोबर येतो. मात्र तो बहुतेक वेळा मोबाईलला जोडावा लागतो. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलींना उपयोगी, रोज चालणारीला गरज नाही.

दुकानात काय पाहायचं?
घड्याळ बांधून बसा, बोटांनी नाडी मोजा, दोन्ही आकडे ताडून पाहा. मग दोन मिनिटं पायऱ्या चढा-उतरा आणि पुन्हा ताडा. चार-पाच ठोक्यांचा फरक चालेल. वीस-पंचवीसचा फरक पडत असेल, तर ते घड्याळ परत ठेवा. आकडे मोठे दिसतात का, मोबाईलशिवाय चालतं का, हे पाहा. पक्कं बिल आणि वॉरंटी मागा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. सुई न टोचता शुगर सांगतो म्हणणाऱ्या घड्याळावर विश्वास ठेवू नका. त्या आकड्यावरून गोळी किंवा इन्सुलिन कमीजास्त केलं, तर जिवावर बेतेल. शुगर रक्त तपासूनच कळते, बीपी दंडाला पट्टा बांधूनच मोजून घ्या.

हे यंत्र सांगणार नाही
बसल्या जागी ठोके वारंवार १०० च्या वर जात असतील किंवा अनियमित पडत असतील, तर उपकेंद्रात दाखवा. अंगात रक्त कमी असलं तरी ठोके वाढतात, म्हणून हिमोग्लोबिन तपासा. गरोदर बाईचं ते १२ नव्हे, ११ च्या खाली गेलं की कमी धरतात. बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात, तिथे वरचा हिशोब लागू होत नाही. गरोदर बायांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच व्यायाम ठरवावा. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, घाम फुटून जीव घाबरला, तर घड्याळ बघत बसू नका. थांबा आणि १०८ ला फोन करा.

पुढच्या सभेत करायचं काम
सगळ्या जणींनी बसून एकमेकींची नाडी मोजा. वय आणि ठोके वहीत लिहा. मग दहा मिनिटं भरभर चालून या आणि पुन्हा लिहा. महिनाभर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चाला. तरीही घड्याळ हवंसं वाटलं, तर जरूर घ्या. पण त्यासाठी अंतर्गत कर्ज उचलू नका. ते पैसे बी-बियाणं, शेळी आणि लेकरांच्या फीसाठी राहू द्या.