वेताळ उडून जाऊ नये म्हणून

मुलं मराठी छान बोलतात, पण वाचत नाहीत. आपल्या हैदराबादेतल्या कितीतरी मराठी घरांचं हे दुखणं आहे. माझ्याही घरचं होतं. लेक नऊ वर्षांची. 'मला मराठी वाचता येत नाही,' असं ती ठामपणे सांगायची आणि मीही ते धरून चालले होते.

एका रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत 'चांदोबा'चा अंक सापडला. शेवटची पानं गळून पडलेली. पण आत तलवार उपसलेला विक्रम आणि त्याच्या खांद्यावर वेताळ! चित्र बघून लेक तिथेच उकिडवी बसली.

रात्री मी वाचून दाखवत होते. ऐन वेताळाच्या प्रश्नापाशी कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. परत येते तर ही पानावर बोट ठेवून पुढे वाचतेय! अक्षरं हिंदीच्या तासाला शिकलेलीच होती. अडला तो फक्त 'ळ'. मी विचारलं, "तेलुगूत डोळ्यांना काय म्हणतात?" "कळ्ळु," ती म्हणाली आणि हसली. तो उच्चार तिच्या जिभेवर कधीचाच होता.

'चांदोबा'ही तसाच दोन्ही घरचा. १९४७च्या जुलैत मद्रासहून तेलुगू 'चंदामामा' निघाला, मराठी 'चांदोबा' त्यानंतर १९५२मध्ये. शेजारच्या तेलुगू आजोबांना ते चित्र दाखवलं, तर ते "बेताळुडु!" म्हणून ओरडलेच.

एक मनापासून सांगते. गोष्ट संपल्याबरोबर 'यातून काय शिकलीस?' असं विचारू नका. मी विचारायचे, आणि तिचा चेहरा पाढे म्हणताना होतो तसा व्हायचा. विक्रमानं तोंड उघडलं की वेताळ झाडावर परत जातो. आपलंही तेच होतं. उच्चार चुकला तर चुकू दे, अर्थ तिनं विचारला तरच सांगा.

पुस्तक मुलांनाच निवडू द्या, राक्षसाचं निवडलं तरी. इसामिया बाजारात आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१मध्ये सुरू झालं, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

आमच्या अंकातली शेवटची गोष्ट अर्धीच आहे. लेकीनं तिचा शेवट पेन्सिलनं लिहिलाय, मराठीत. राजा वेताळाला खांद्यावरून उतरवतो आणि दोघं चारमिनारला इराणी चहा प्यायला जातात. 'वेताळ'मधला 'ळ' उलटा पडलाय. मी तो खोडलेला नाही.