हात पोचेल तेथे, तोल राहील तेथे



वाशिम, रिसोड किंवा मंगरूळपीरच्या रस्त्याने धान्याची पोती भरून जाणारी बैलबंडी तुम्ही पाहिली असेल. पोती रचणारा शेतकरी ती कशीही टाकत नाही. सगळी पोती मागे रचली तर बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला पट्टे आवळतात. सगळी पुढे रचली तर भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून तो पोती आसाच्या दोन्ही बाजूंना वाटून, भार किंचित पुढे राहील अशी रचतो. हेच काम लहान विमान बांधणाऱ्यालाही करावे लागते. बंडी उलाळली तर पोती सांडतात, पुन्हा भरता येतात. आकाशात तशी संधी मिळत नाही.

लहान विमाने घरी बांधता येतात काय? येतात. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली आणि २०१९ मध्ये चाचणी-उड्डाणांना परवानगी दिली. गच्चीवर बांधलेल्या विमानालाही कसोट्या मात्र सरकारी नियमांच्याच द्याव्या लागतात.

विमानाचा सांगाडा उभा राहिला, इंजिन बसले, की केबिनमध्ये काय काय ठेवायचे याची यादी होते: बॅटरी, रेडिओ, होकायंत्र, वेग व उंची दाखवणारी उपकरणे, इंधनाची चावी, अग्निशामक, सामानाची पेटी. यातील प्रत्येक वस्तूला जागा देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे लागतात. तोल राहील काय? हात आणि डोळा पोचेल काय? शेजार चालेल काय?

पहिला प्रश्न : तोल

वस्तूचे वजन जितके महत्त्वाचे तितकेच तिचे अंतरही महत्त्वाचे. सी-सॉवर टोकाला बसलेले लहान मूल मध्याजवळ बसलेल्या मोठ्या माणसाला उचलते, हे तुम्हाला ठाऊक आहे. वजन आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे परिबल. सर्व वस्तूंच्या परिबलांची बेरीज करून तिला एकूण वजनाने भागले, की विमानाचा गुरुत्वमध्य मिळतो.

एक काल्पनिक विमान घेऊ या. सर्व अंतरे नाकाच्या टोकापासून सेंटिमीटरमध्ये मोजू. रिकाम्या विमानाचे वजन ३४० किलोग्रॅम, त्याचा गुरुत्वमध्य २०० वर. शेजारी शेजारी बसलेली दोन माणसे मिळून १५० किलोग्रॅम, अंतर २३०. इंधन ५० किलोग्रॅम, अंतर २१०. परिबले झाली ६८,०००, ३४,५०० आणि १०,५००, बेरीज १,१३,०००. एकूण वजन ५४० किलोग्रॅम. भागाकार करा : गुरुत्वमध्य सुमारे २०९.३ वर येतो. समजा, आराखडा करणाऱ्याने सांगितले आहे की तो १९५ ते २१२ यांच्या दरम्यान असला पाहिजे. म्हणजे आपण मर्यादेत आहोत.

आता १२ किलोग्रॅमची बॅटरी बसवायची आहे. केबिनमध्ये दाटी नको म्हणून ती मागे शेपटीकडे ४०० वर ठेवली, तर परिबल ४,८०० ने वाढते. १,१७,८०० भागिले ५५२ म्हणजे २१३.४. मर्यादा ओलांडली! तीच बॅटरी पुढे इंजिनजवळ ९० वर ठेवली, तर परिबल फक्त १,०८० ने वाढते आणि गुरुत्वमध्य २०६.७ वर येतो. वस्तू तीच, वजन तेच. केवळ जागा बदलल्याने एक विमान उडवण्याजोगे ठरले आणि दुसरे नाही.

गुरुत्वमध्य फार मागे गेला तर काय होते? तुराटीचा एक सरळ तुकडा घ्या, मागच्या टोकाला पुठ्ठ्याचे दोन लहान पंख लावा आणि पुढच्या टोकाला ओल्या मातीचा गोळा थापा. हा बाण मोकळ्या मैदानात, समोर कोणी नसताना फेका. तो सरळ जाईल. आता गोळा काढून मागच्या टोकाला लावा. बाण हवेत कोलांट्या खाईल. वजन पुढे असते तेव्हा मागच्या पंखांवर येणारा वारा बाणाला पुन्हा सरळ करतो. वजन मागे गेले की ती शक्ती उरत नाही. शेपूट-जड विमानाचे नाक असेच वर जाऊ पाहते. वेग घटतो, पंखांवरचा हवेचा प्रवाह विस्कटतो आणि पंखांची उचल एकाएकी कमी होते. अशा वेळी नाक खाली आणायला शेपटीवरची झडप पुरी पडली नाही, तर विमान सावरता येत नाही. उलट नाक फार जड झाले, तर उतरताना ते वेळेवर वर उचलता येत नाही.

म्हणूनच उड्डाणात कमी होत जाणारे इंधन गुरुत्वमध्याच्या जवळ ठेवतात. आपल्या विमानात ते २१० वर आहे. पुढे बॅटरी असताना सगळे इंधन संपले, तरी गुरुत्वमध्य २०६.३ वर राहतो. फरक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी.

दुसरा प्रश्न : हात आणि डोळा

तोल साधला म्हणजे काम संपले असे नाही. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांचे लहान विमान समुद्रात कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. ते 'लाँग-ईझी' जातीचे, घरी बांधलेले विमान होते. बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात इंधनाची चावी वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये होती. हे विमान बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली. इंधनाच्या नळ्या केबिनमध्ये नकोत, हा त्याचा हेतू होता. हेतू सुरक्षिततेचाच होता. परंतु एक धोका टाळताना दुसरा निर्माण झाला.

जुन्या मोटारसायकलीवर पेट्रोल संपत आले की गुडघ्याजवळची चावी न पाहता 'रिझर्व्ह'वर फिरवता येते. येथे मात्र एका टाकीवरून दुसरीवर जाण्यासाठी वैमानिकाला पट्ट्यांनी बांधलेले शरीर मागे वळवावे लागे. तसे वळताना उजवा पाय आपोआप ताठ होई आणि सुकाणूचे उजवे पायपट्ट दाबले जाई. चावीवर खुणा नव्हत्या, इंधनाची पातळी दाखवणाऱ्या नळ्याही मागे होत्या. तपास करणाऱ्या अमेरिकन मंडळाने निष्कर्ष काढला की चावी फिरवण्याच्या प्रयत्नात वैमानिकाचे लक्ष वळले, सुकाणू दाबले गेले आणि विमानावरचा ताबा सुटला. उड्डाणापूर्वी पुरेसे इंधन न भरणे आणि या विमानाचा अपुरा सराव हीदेखील कारणे मंडळाने नोंदवली. पण चावीची अवघड जागा त्या कारणांत स्पष्टपणे होती.

यावरून नियम असा निघतो : संकटात लागणारी वस्तू पट्टा न सोडता, मान न वळवता हाताला लागली पाहिजे. इंधनाची चावी, विजेचा मुख्य खटका आणि अग्निशामक यांचा पहिला मान. शिवाय हाताला फरक कळला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बफेकी विमाने उतरल्यावर काही वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चाकांचाच दांडा ओढत, कारण दोन्ही दांडे सारखे आणि शेजारी होते. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने उपाय सुचवला : चाकांच्या दांड्याला चाकाच्या आकाराची मूठ आणि झडपांच्या दांड्याला झडपेच्या आकाराची. न पाहता, नुसत्या स्पर्शाने फरक कळू लागला.

डोळ्यांचाही असाच विचार करतात. क्षितिजाशी विमानाची स्थिती दाखवणारे उपकरण मध्यभागी, त्याच्या डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा. बहुतेक विमानांत हाच क्रम असल्यामुळे एका विमानात शिकलेला डोळा दुसऱ्या विमानात चाचपडत नाही.

तिसरा प्रश्न : शेजार

तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते, हे १८२० मध्ये ओर्स्टेड यांनी दाखवले. विमानातील होकायंत्र म्हणजे अशीच सूची. त्याच्या शेजारी रेडिओचा ध्वनिक्षेपक, लोखंडी पट्टी किंवा विजेची तार आली, की ते चुकीची दिशा दाखवते. म्हणून ते वर, समोरच्या काचेजवळ बसवतात. जवळून तार न्यावीच लागली, तर जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन नेतात. दोन्हींतील प्रवाह उलट दिशांचे असल्याने त्यांचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो.

करून पाहा

विमान बांधणारे पत्र्याला पहिले भोक पाडण्यापूर्वी पुठ्ठ्याची केबिन करून पाहतात. पुठ्ठा कापायला सोपा आणि चूक स्वस्त. हे तुम्हीही वर्गात करू शकाल.

१. एका खुर्चीसमोर पुठ्ठ्याचा फळा उभा करा. त्यावर खडूने उपकरणे काढा. आजूबाजूला काड्यापेट्या चिकटवून चावी, खटका आणि अग्निशामक यांच्या जागा ठरवा.

२. मित्राला खुर्चीत बसवून कमरेला आणि खांद्यांवर दुपट्टा सैलसर बांधा. डोळे मिटून 'इंधन!', 'वीज!', 'आग!' असे सांगताच त्याने योग्य पेटीवर हात ठेवायचा. दहा वेळा करून किती वेळा चुकतो ते लिहा. मग जागा बदलून पुन्हा मोजा. त्याचे पाय हलतात काय, याकडेही एकाने लक्ष ठेवावे.

३. वरच्या काल्पनिक विमानात बॅटरी ९० वर आहे. २९० वर १० किलोग्रॅम सामान ठेवले तर गुरुत्वमध्य कोठे येईल? बॅटरी ४०० वर असती तर? (उत्तरे : २०८.१, २१४.८.)

४. बॅटरी ९० वर, सामान नाही आणि ७५ किलोग्रॅमचा वैमानिक एकटाच निघाला आहे. विमान मर्यादेत आहे काय? हे उत्तर आम्ही देत नाही. वैमानिकाने उड्डाणापूर्वी करायचे असते, तसे ते तुम्हीच काढा आणि मित्राकडून तपासून घ्या.