मॅरेथॉनची शर्यत आणि अथेन्स नगरी

(इयत्ता ५ वी ते ७ वी. इतिहास, भूगोल, गणित व शारीरिक शिक्षण यांचा समवाय साधणारा पाठ)

हेतू

शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले की गावोगाव धावण्याचा सराव सुरू होतो. ‘मॅरेथॉन’ हा शब्द आता खेड्यांतील मुलांच्याही तोंडी असतो. परंतु हे मुळात एका गावाचे नाव आहे आणि त्या शर्यतीची कथा अथेन्स या प्राचीन नगरीशी निगडित आहे, हे फार थोड्या मुलांस ठाऊक असते. या पाठातून मुलांस ही माहिती तर द्यावीच. पण जे घडले आणि जे मागाहून सांगितले गेले, यांतील भेद ओळखण्याची सवय लावावी, हा खरा हेतू आहे.

विषयप्रतिपादन

ग्रीस देशाच्या नकाशात अथेन्स व मॅरेथॉन ही दोन स्थळे दाखवावीत. त्यांच्यात सुमारे ४० किलोमीटरांचे अंतर आहे. इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या सैन्याने बलाढ्य इराणी सैन्याचा पराभव केला. एक धावक ही विजयवार्ता घेऊन अथेन्सला धावत गेला आणि ती सांगताच त्याने प्राण सोडला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते.

आता मुलांस विचारावे, ‘हे कोणी व केव्हा लिहून ठेवले?’ या युद्धाचा वृत्तांत काही दशकांनी हिरोडोटस या इतिहासकाराने लिहिला. त्यात धावक आहे. पण तो युद्धापूर्वी मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर धावत गेला. युद्धानंतर नगर रक्षणासाठी सारे सैन्यच त्वरेने अथेन्सला परतले, असेही तो सांगतो. विजयवार्ता सांगून कोसळणारा धावक त्याच्या ग्रंथात नाही. ती हकीकत सुमारे ६०० वर्षांनंतर प्लुटार्कच्या लिखाणात येते, आणि तेथे धावकाचे नावही निराळे आहे. कथा सुंदर आहे, ती अवश्य सांगावी. मात्र कथा म्हणून सांगावी.

शर्यत तर आधुनिक काळातील आहे. १८९६ साली अथेन्स येथे ऑलिंपिक सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून मॅरेथॉन ते अथेन्स अशी शर्यत योजण्यात आली. ती जिंकली स्पिरिडॉन लुईस या ग्रीक पाणक्याने, २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत. १९०८ साली लंडन येथे विंडसर राजवाड्यापासून क्रीडांगणापर्यंत ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतर ठेवले गेले आणि १९२१ मध्ये तेच कायम झाले. म्हणजे शर्यतीचे नाव ग्रीसचे, तर अंतर लंडनचे.

आपल्या जिल्ह्याचा संबंध

अथेन्सपासून मुलांस पुण्यास आणावे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या थोडे आधी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा सर दोराबजी टाटा यांनी पाहिल्या. त्यांत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावत होती. त्यांना आधुनिक शिक्षण मिळालेले नव्हते. तरीही त्यांची धाव पाहून दोराबजी प्रभावित झाले आणि भारताचे पथक ऑलिंपिकला पाठविण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. पुढे १९८३ साली पुणे शहरात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. पाणक्या लुईस आणि ही शेतकऱ्यांची मुले यांची गोष्ट ऐकून अनवाणी धावणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यास स्वतःविषयी काय वाटेल, याचा शिक्षकांनी अवश्य विचार करावा.

परिसराशी सांगड

अंतराची कल्पना येण्यासाठी परिचित रस्ता घ्यावा. बारामतीहून निघालेला धावक काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी या पालखीमार्गावरील गावांवरून धावला, तरी इंदापूर काही किलोमीटर दूर असतानाच मॅरेथॉनचे अंतर पुरे होईल. संत तुकाराम महाराजांच्या पालखीबरोबर हा रस्ता चाललेली वडीलधारी मंडळी प्रत्येक गावात आहेत. एवढे अंतर चालण्यास त्यांना किती वेळ लागतो, हे मुलांनी त्यांस विचारून यावे.

स्वाध्याय

१. लुईसने सुमारे ४० किलोमीटर अंतर जवळजवळ ३ तासांत तोडले. एका किलोमीटरास सरासरी किती वेळ लागला? (उत्तर : सुमारे साडेचार मिनिटे.)

२. मैदानावर २०० मीटरांची फेरी आखावी. एका किलोमीटरास किती फेऱ्या होतील ते काढून, झेपेल तितकेच धावावे.

३. आपल्या गावातील देवळाची, वेशीची वा बारवेची एखादी कथा घरी विचारावी. ‘हे कोठे लिहिलेले आहे, की केवळ ऐकिवात आहे?’ हा प्रश्न विचारून उत्तर वहीत दोन रकान्यांत लिहावे.

तिसऱ्या स्वाध्यायास पुरेसा वेळ द्यावा. सांगणाऱ्याचा मान राखून पुरावा विचारण्यास मूल शिकले, तर पाठ सफल झाला असे समजावे.