ध्वनिपातळीचे मापक आणि त्यांचे वाचन

वादळाची सूचना असो वा खतांविषयीचा सल्ला, नभोवाणीवरून बोललेला शब्द श्रोत्यापर्यंत स्पष्ट पोहोचला तरच त्याचा उपयोग. भारतात २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना व २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्रे चालविण्याचा मार्ग खुला झाला. तेव्हापासून शिक्षक, विद्यार्थी व ग्रामस्थही प्रक्षेपणाचे काम सांभाळू लागले आहेत. एफएम प्रक्षेपणापूर्वी आवाजावर संस्कार करणारे सॉफ्टवेअर आता साध्या संगणकावर चालते. त्याच्या पडद्यावर वरखाली होणारे रंगीत पट्टे हेच ध्वनिपातळीचे मापक होत. प्रत्येक पट्टा वेगळ्या टप्प्यावरील वेगळी गोष्ट मोजतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

शून्य ही कमाल मर्यादा

ध्वनिपातळी डेसिबलमध्ये मोजतात. संगणकीय मापकावर शून्य ही सर्वांत वरची मर्यादा असते. म्हणून बाकीचे आकडे उणे असतात. पातळी ६ डेसिबलने उतरली की ध्वनिलहरीची उंची निम्मी होते. लहर शून्याच्या वर जाऊ लागली की तिचा माथा छाटला जातो व आवाज फाटतो.

सरासरी आणि शिखर

अमेरिकेत १९३९ मध्ये प्रचारात आलेला व्ही. यू. मापक आवाजाची सरासरी दाखवितो. त्याचा काटा स्थिरावण्यास सेकंदाचे सुमारे तीन दशांश लागतात. त्यामुळे टाळी किंवा तबल्याची थाप त्यावर पुरती उमटत नाही. अशी क्षणिक उसळी टिपण्यासाठी शिखर-मापक असतो. आवाज कानाला किती मोठा वाटेल याचा अंदाज सरासरीवरून येतो. तो फाटेल काय, हे शिखरावरून कळते. म्हणून दोन्ही पाहणे आवश्यक आहे.

चार टप्प्यांवरील मापक

१) प्रवेश-मापक : सॉफ्टवेअरमध्ये येणारा आवाज येथे दिसतो. बोलण्याची शिखरे उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवावीत. येथेच फाटलेला आवाज पुढे कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

२) घट-मापक : कॉम्प्रेसर व लिमिटर आवाज किती दाबत आहेत, हे तो दाखवितो. त्याचा पट्टा बहुधा वरून खाली वाढतो. बोलण्याबरोबर तो हलून पुन्हा वर येत असेल तर ठीक. सतत खाली रुतून राहिला तर आवाज प्रमाणाबाहेर दाबला जात आहे असे समजावे. अशा वेळी शब्दांमधील विरामात पंख्याची घरघर व श्वासही मोठे होतात आणि श्रोता कंटाळतो.

३) निर्गम-मापक : संस्कार झालेला आवाज येथे मोजला जातो. एफएममध्ये उंच स्वर मुद्दाम वाढवून पाठवितात व रेडिओ-संचात ते पुन्हा उतरवितात. त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण व झांजेचा नाद अनपेक्षितपणे उसळतात. त्यांकडे विशेष लक्ष असावे.

४) मल्टिप्लेक्स-मापक : येथील १०० टक्के म्हणजे वाहक लहरीच्या कंप्रतेतील ७५ किलोहर्ट्‌झचे विचलन. स्टीरिओ प्रक्षेपणात त्यातील सुमारे ९ टक्के भाग १९ किलोहर्ट्‌झच्या पथदर्शक संकेतासाठी लागतो. मर्यादा ओलांडल्यास आपला आवाज बिघडतोच, शिवाय शेजारच्या कंप्रतेवरील केंद्रालाही उपद्रव होतो. मात्र पडद्यावरील १०० टक्के व प्रक्षेपकाचे खरे विचलन यांचा मेळ तंत्रज्ञाने विचलन-मापकाच्या साहाय्याने आधी घालून दिलेला असला पाहिजे. तो नसेल तर पडद्यावरचा आकडा फसवा ठरतो.

दोष शोधण्याचा क्रम

आवाजात दोष आढळल्यास प्रथम प्रवेश-मापक, मग घट-मापक व शेवटी निर्गम आणि मल्टिप्लेक्स असा क्रम ठेवावा. शेवटचे बटण फिरवून आवाज वाढविण्याचा मोह टाळावा. मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे. मापक आकडा सांगतो. शब्द समजला की नाही हे कानच सांगतो. यास्तव केंद्रात एक साधा रेडिओ-संच ठेवून आपले प्रक्षेपण रोज थोडा वेळ श्रोत्याप्रमाणे ऐकण्याचा परिपाठ ठेवणे हिताचे आहे.