आधी अर्ज, मग आंबा

हापूस बाहेरून कितीही देखणा असला, तरी आत साका, म्हणजे गरातला खराब झालेला भाग, निघाला की फळ वाया जाते. कापल्याशिवाय साका दिसत नाही आणि कापलेला आंबा पेटीत भरता येत नाही. म्हणूनच फळ न कापता साका ओळखणारे उपकरण हा रत्नागिरीतल्या तरुण संशोधकांना खुणावणारा विषय आहे. अशाच एका गटात मी काम केले. उपकरण प्रयोगशाळेतल्या टेबलावर चालले, पण त्यातून कंपनी उभी राहिली नाही. आपल्या शोधाचे स्टार्टअप करू पाहणाऱ्या कोकणातल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी त्याची कारणे जाणून घ्यावीत.

पहिले कारण कागदाचे. गटातल्या एकाचा प्रबंध ग्रंथालयात आधीच जमा झाला होता आणि त्यात सगळी पद्धत सविस्तर लिहिलेली होती. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो. सर्वांना वाचायला खुला असलेला प्रबंध म्हणजे प्रकाशनच. भारतीय कायद्यात ठरावीक प्रसंगी, उदाहरणार्थ विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासाठी, 12 महिन्यांची सवलत आहे. युरोपात ती जवळजवळ नाही. प्राध्यापकाला निबंध हवा असतो, विद्यार्थ्याला पदवी हवी असते, आणि दोघांच्याही गरजा रास्त आहेत. फक्त पेटंटचा अर्ज त्याआधी गेला पाहिजे. व्यक्ती, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्था यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क 1600 रुपये आहे. मोठा खर्च येतो तो मसुदा लिहून देणाऱ्या जाणकाराचा.

कोकणात याला आणखी एक पेच आहे, तो हंगामाचा. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज दाखल केल्यापासून 12 महिन्यांत संपूर्ण तपशिलाचा अर्ज द्यावा लागतो. नाही दिला, तर आधीचा अर्ज सोडून दिला असे मानले जाते. पुण्याच्या संगणक कंपनीला या 12 महिन्यांत हव्या तितक्या चाचण्या घेता येतात. हापूसवर काम करणाऱ्याला मात्र मार्च ते मे एवढाच काळ मिळतो. हंगाम संपल्यावर जूनमध्ये अर्ज केला, तर पुढचा आंबा हाती येईपर्यंत मुदत संपत आलेली असते आणि चाचणीचे आकडे मांडायला सवड उरत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज केला, तर हंगामातली चाचणी आटोपून पुढे सात-आठ महिने मिळतात. मासेमारीशी संबंधित उपकरणांनाही हेच लागू आहे, कारण पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते.

मालकीचा प्रश्न तर बहुतेकजण शेवटपर्यंत टाळतात. शोध मार्गदर्शकाचा की विद्यार्थ्याचा, महाविद्यालयाचा की प्रकल्पाला पैसे देणाऱ्या खात्याचा? सगळे एकमेकांचे स्नेही असतात, म्हणून विचारायला संकोच वाटतो. पण गुंतवणूकदार पहिल्याच बैठकीत तेच विचारतो. संस्था कंपनीला परवाना देणार का, आणि विक्रीतला किती वाटा घेणार, हे पत्र आधी हातात असावे.

परंपरेतले ज्ञान पेटंटच्या कक्षेत येत नाही, हेही लक्षात ठेवावे. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत 1995 मध्ये दिलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे दाखवून 1997 मध्ये रद्द करून घेतले. पित्तावर आमसूल घ्यावे हे कोकणातल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. त्यावर कोणालाही हक्क मिळणार नाही.

एवढे सगळे जमले, तरी विकत कोण घेणार हा प्रश्न उरतोच. आमचे उपकरण पाहायला आलेल्या बागायतदाराने अचूकतेची टक्केवारी विचारली नाही. त्याने विचारले, ‘एक पेटी तपासायला किती वेळ?’ हंगामात गाडी भरण्याची घाई असते आणि वर्गवारी करणारे गडी क्षणात फळ हातावेगळे करतात. आमचे उपकरण त्या वेगाच्या जवळपासही नव्हते.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीत, शिकलेले वैभव तिडके आणि त्यांचे सहकारी यांची गोष्ट म्हणूनच वाचण्यासारखी आहे. त्यांच्या सौर वाळवणी यंत्राला 2013 मध्ये डेल सोशल इनोव्हेशन चॅलेंज हा पुरस्कार मिळाला. यंत्र चांगले होते. पण वाळवलेला भाजीपाला विकायचा कुठे, हा शेतकऱ्यापुढचा प्रश्न यंत्राने सुटत नव्हता. त्यांच्या एसफोरएस टेक्नॉलॉजीज कंपनीने तो आपल्या अंगावर घेतला. गावातल्या स्त्रिया वाळवणीचे काम करतात, कंपनी तो माल विकत घेते आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांना पुरवते. 2023 मध्ये या कामाला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. माझ्या मते त्यांचे खरे यश या खरेदीच्या साखळीत आहे. हेच यंत्र कोकणात आणणाऱ्याने मात्र जूनचा पाऊस हिशेबात धरावा. कोकम आणि फणस हाती असतानाच आभाळ भरून येते, आणि त्यानंतर फक्त उन्हावर चालणारे यंत्र नुसते उभे राहते.

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून रत्नागिरी जिल्ह्यात संशोधन करते आहे. देठासह आंबा उतरवणारा त्यांचा नूतन झेला बागायतदारांनी आपलासा केला, कारण तो झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाचे काम सोपे करतो. नव्या संशोधकांनी अर्ज लिहायला बसण्यापूर्वी एक अख्खा हंगाम एखाद्या बागेत आणि कॅनिंगच्या कारखान्यात काढावा. आणि फेब्रुवारी संपण्याआधी संस्थेचे पत्र व अर्जाची पावती हाती नसेल, तर त्या वर्षी आपले उपकरण कोणालाही दाखवू नये.