गॅसबत्तीतला सेरियम

आजऱ्याचा पाऊस तुम्हांला ठाऊकच आहे. वाऱ्यापावसात वीज गेली की पूर्वी लग्नघरात, गणपतीपुढे गॅसबत्ती पेटवीत. पंपाने हवा भरली की रॉकेल तापलेल्या नळीत चढते, त्याची वाफ होते आणि ती निळ्या ज्योतीने जळते. या ज्योतीला उष्णता फार, पण उजेड बेताचाच. मग तो पांढराशुभ्र प्रकाश येतो कोठून?

तो येतो ज्योतीवरच्या जाळीदार पिशवीतून. तिला मँटल म्हणतात. जुन्या पद्धतीचे मँटल म्हणजे थोरियम व सेरियम या धातूंच्या नायट्रेटांच्या द्रावणात भिजवून वाळवलेले कापड. प्रथम पेटवताच धागा जळून जातो, नायट्रेटांची ऑक्साइडे बनतात आणि त्यांचा नाजूक सांगाडा तेवढा उरतो. म्हणूनच वापरलेल्या मँटलला बोट लागले की त्याचा चुरा होतो.

ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८९१ साली याचे प्रमाण ठरवले: थोरियम ऑक्साइड ९९ भाग, सेरियम ऑक्साइड अवघा १ भाग. असे का?

थोरियम ऑक्साइड सुमारे ३,३०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. पण तापूनही उजेड थोडाच देते. सेरियम ऑक्साइड फिकट पिवळे असते, म्हणजे ते निळा प्रकाश शोषते. तापलेला पदार्थ ज्या रंगाचा प्रकाश चांगला शोषतो, त्याच रंगाचा चांगला बाहेरही टाकतो. म्हणून सेरियममुळे उजेड वाढतो. मग ते जास्त का घालू नये? कारण मग मँटल अदृश्य उष्णताकिरणही भरपूर टाकते, स्वतः थंड पडते आणि उजेड घटतो. आमटीतल्या मिठासारखेच हे!

सेरियमला ‘दुर्मिळ मृदा’ गटात घालतात. पण भूकवचात ते जवळजवळ तांब्याइतके आहे. केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत सेरियम आणि थोरियम दोन्ही सापडतात. मुंबईजवळ तुर्भे येथे १९५५ पासून मँटलसाठी थोरियम नायट्रेट तयार होऊ लागले.

एक सावधगिरी मात्र बाळगा. थोरियम किरणोत्सारी आहे. जुने मँटल फुटले तर त्याची राख फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि हात धुवा. पुढे अनेक मँटलांत थोरियमऐवजी यिट्रियम वापरू लागले, ते याच कारणाने.

आता तुम्हीच सांगा: कंदिलाला मँटल नसते, तरी त्याची ज्योत पिवळा उजेड देते. तो कोणत्या घन कणांचा? काचेवरची काजळी पाहा. उत्तर तेथेच आहे.